घंटेवरचं नाव

दहिसर, १२ मे २०२५

सुगंधावैनी,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसलेय. फोन कापता येतो. पोस्टमनला काय कापशील? तो ओटीवर टेकून तुझ्याकडे पाणी मागणार आणि हे पाकीट हातात दिल्याशिवाय उठणार नाही.

भावोजींचं कळलं. चेकनाक्यावरून गावाला बस नेतो तो आपल्या वाडीतला बाबल, त्याने सांगितलं. उजवं अंग गेलं, वाचा गेली, आता डोळ्यांनी बोलतात म्हणाला. ते डोळ्यांनी काय बोलणार गे? त्यांनी घरापुढच्या खळ्यात उभं राहून देवाला गाऱ्हाणं घातलं की पार शाळेपर्यंत ऐकू जायचं. तुझे धाकटे दीर, म्हणजे आमचे हे, तेव्हापासून धड जेवत नाहीत. भावासाठी फोन लावतात आणि तू कट करतेस. राग माझ्यावर आहे ना? मग माझ्यावर ठेव. भावाभावांच्या मध्ये कशाला बसतेस?

माफीबिफी मागायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगून टाकते. तुला वाटत असेल जानकी विनाकारण पिशवी भरून निघून आली. तर ऐक, कसं झालं ते. गाऱ्हाणं कोणी घातलं? भावोजींनी. की आमच्या झिलाक मोठा प्याकेज मिळांदे, रवळनाथाच्या देवळात घंटा बांधतंव. सगळी वाडी 'व्हय म्हाराजा' म्हणाली. मीसुद्धा म्हणाले. कॉलेज संपायच्या आत माझ्या सुशांतला कंपनीचं पत्र आलं, वर्षाला चौदा लाख. भावोजींना कुठला धीर? पितळेची घंटा आणली, वर नाव कोरून घेतलं, 'सुशांत नंदकिशोर घाडी, बी. ई. कॉम्प्युटर', आणि पुढच्या गणपतीत बांधूनही टाकली. मग कंपनी म्हणाली, थांबा. पुढच्या महिन्यात घेतो. मग त्याच्या पुढच्या. शेवटी एक दिवस मेल आला की आता गरज नाही. अशी आमच्या पोरासारखी कितीतरी पोरं होती, कंपनीने सगळ्यांना एकच मेल टाकला. नाव बदलायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत, 'प्रिय उमेदवार'.

हे मी तुला सगळं सांगितलेलं. तरी मागच्या गणपतीत, सगळी वाडी ओटीवर बसलेली असताना, तू मला विचारलंस, "जानक्या, ता पत्र खराच होता मां?"

मला विचारलंस. पण मागे सुशांत उभा होता. हातात आरतीचं तबक. त्याने ते खाली ठेवलं, अगदी सावकाश, वात विझू न देता. तबक आपटलं असतं तर मी दोन शिव्या घालून विसरले असते.

मी विसर्जनाला थांबले नाही, बरं केलं. अजून मला तसंच वाटतं.

सुशांत मजेत आहे. कामाला जातो. त्याची काळजी तू करू नकोस.

भावोजींना निर्गुडीच्या तेलाने चोळत जा. अक्षर वाईट आहे माहीत आहे. शिकवलंस तू, तर वाचायचे हाल पण तूच सोस.

जानकी


दहिसर, ९ जून २०२५

वैनी,

आमसुलं मिळाली. बाबलने नाक्यावर बोचकं माझ्या हातात दिलं, मी तिथेच रस्त्यात सोडून बघितलं. उलटंपालटं केलं. चिठ्ठी नाही. सातवी पास बाई तू, मी चौथीतून घरी बसलेली. मी दोन पानं लिहायची आणि तू आमसुलं पाठवायची?

तळलेले गरे वेगळ्या पिशवीत होते, वरून दोन गाठी. ते कोणासाठी हे न लिहिता कळतं. सुशांतने पिशवी बघितली. कोणी पाठवली, विचारलं नाही. खोलीत घेऊन गेला. सकाळी पिशवी ओट्यावर, रिकामी, घडी करून ठेवलेली. बस, एवढंच. त्यातून तुला काय समजायचं ते समज.

घाटकोपरची खोली काल आठवली. आमसुलाच्या वासाने. भटवाडीत आपण राहायचो तेव्हा तू डबे वर फळीवर ठेवायचीस आणि सगळी खोली कोकम-कोकम व्हायची. एक खोली, मध्ये तुझी जुनी साडी बांधलेली, इकडे तुम्ही, तिकडे आम्ही. आणि मोरीच्या बाजूला बसून तू मला जोडाक्षरं शिकवायचीस, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला. 'क्ष' मला येईना तर तू म्हणालीस, ज्यांच्या नावात 'क्ष' आहे त्यांना पत्र लिहूच नकोस. किती हसलो होतो. अजूनही माझा 'क्ष' वाकडा येतो.

आणि तो कॉम्प्युटर! भावोजींच्या फोर्टच्या ऑफिसात नवीन मशिनं आली, जुनं साहेबांनी त्यांना दिलं. शिपायाला कॉम्प्युटर. टॅक्सीत मांडीवर घेऊन आले, जसं काय गणपतीच. अख्खी चाळ बघायला. तू सांगितलंस, त्याला धूळ चालत नाही, एसी लागतो. एसी कुठला आणणार, तू ओला पंचा बांधलास पंख्याला. जवळ जायचं तर चपला बाहेर, पाय धुवून. सुशांत तेव्हा पहिली-दुसरीत. पाय धुवून, पुसून, हात जोडून खुर्चीवर चढायचा. तो दसरा आठवतो ना? तू मोठ्या भक्तीने पूजा केलीस. हळद, कुंकू, आपट्याचं पान, झेंडू, आणि अक्षता घातल्यास त्या डब्याच्या जाळीतून आत. वर पाण्याचा हात फिरवलास. फट्! अख्ख्या मजल्याची लाईट गेली. शेजारची शांताबाई अंधारातून ओरडली, "सुगंधा, देव प्रसन्न झालो काय गो?"

भावोजी बोलले नाहीत तुला. सुशांत मात्र रडला नाही, तो पान्हा घेऊन बसला आणि एकेक तांदूळ बाहेर काढत राहिला. तेव्हाच तू म्हणालीस, ह्यो कॉम्प्युटरचो इंजिनियर होतलो. तू म्हणालीस, मी नाही. तुला मूल नाही, मला एकच, आणि आईपेक्षा काकीचा जास्त. त्याला दूधभात तू भरवलास, अभ्यासाला तू बसवलंस. म्हणूनच तुझं ते विचारणं त्याला लागलं. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर त्याने ढुंकून बघितलं नसतं.

मसाल्याचा हंगाम संपला. डंकावर आता काम थोडं आहे, पण मालक रोज बोलावतो. मे महिन्यात नुसता गोंधळ. बोरिवलीच्या मृणालिनीबाई येतात ना, दर वर्षी किलोकिलो मिरच्या घेऊन, मिरच्या कुटून होईपर्यंत बाकावर बसतात आणि मुलाचं पॅकेज सांगतात. त्यांचा शौनक पण कॉम्प्युटरवालाच. गेल्या साली मला विचारून विचारून भंडावलं, तुमच्याला किती, तुमच्याला किती. डंकाचा आवाज एवढा, तरी ते ऐकू येतं बघ. या साली आल्या, बसल्या, आणि मिरच्यांकडे बघत राहिल्या. मीच विचारलं, शौनक बरा आहे ना? म्हणाल्या, "हो, सध्या घरूनच काम करतो." मग पदराने नाक पुसलं, मिरचीचा खाट लागला म्हणाल्या.

मला कळून चुकलं. घरून काम म्हणजे काय ते मला माहीत आहे. त्यांच्या मसाल्यात दगडफूल मी जरा जास्तच घातलं, वरून.

पुढच्या वेळी चिठ्ठी पाठव.

जानकी


दहिसर, १४ जुलै २०२५

वैनी,

बाबल भेटला. पाठवायला काही नव्हतं म्हणाला, पण तोंड बंद ठेवणारा माणूस आहे का तो? मी म्हटलं, वाडीत आमच्या नावाने काय चाललंय? तो म्हणाला, काही लोक बोलतात, घंटा उतरवा, नवसाची नाही ती. जो नवस पुरा झाला नाही त्याची घंटा कशाला वाजवायची? मी म्हटलं, मग उतरवली का? तर म्हणतो, उतरवणार कशी, सुगंधाकाकी दर सोमवारी चिंच घेऊन येते आणि तिला घासत बसते. नाव आहे तिथे तर जास्तच. कोण काही बोललं तर चिंचेचा हात दाखवते.

एवढं सगळं, आणि मला एक ओळ लिहिली नाहीस? आमसुलं पाठवतेस! काय बाई आहेस तू!

आता मी पण खरं सांगते. मेच्या पत्रात मी लिहिलं की सुशांत मजेत आहे, कामाला जातो. कुठला जातो? गणपतीहून आलो तेव्हापासून तो घरात होता. आधी दिवसभर अर्ज टाकायचा. मग दिवसाआड. मग भिंतीकडे तोंड करून पडायला लागला. दाढी वाढली, आंघोळीला हाक मारावी लागायची. आमचे हे म्हणाले डॉक्टरला दाखवू. मी म्हटलं, दाखवू. दाखवलं. डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि म्हणाला, घरात कोणी पगाराचं विचारू नका. मी म्हटलं, डॉक्टर, घरात कोणी विचारत नाही, बाहेर सगळे विचारतात. लिफ्टमध्ये, दुकानात, हळदीकुंकवात. नाव नंतर, पॅकेज आधी.

आपले मामंजी गिरणीत होते, तेव्हा कोण विचारायचं? गावचा पाव्हणा आला, पाय धुतले, की पहिला प्रश्न, "कुठल्या खात्यात?" साच्यात, वाइंडिंगला, रंगखात्यात. झालं. मग त्याच खात्यातला दुसरा कोण, त्याचा गाव कुठला, त्याची बायको कोणाची, असं करत नातं निघायचंच. मामंजी साचेखात्यातले. संपात गिरणी बंद झाली, तरी म्हातारपणापर्यंत कोणी विचारलं की "साचेखातं" म्हणायचे, ताठ बसून. पगार किती होता ते मला आजपर्यंत माहीत नाही. तुला तरी माहीत आहे का?

असो. आता गंमत ऐक. आमच्या टॉवरची लिफ्ट दर आठवड्याला अडकते. जूनच्या शेवटी मी डंकावरून येत होते, दोन्ही हातांत मसाल्याच्या पिशव्या, आणि अडकले. सोबत तिसऱ्या मजल्याचे एक काका आणि एक बाई. एक पिशवी फाटली. बंद डब्यात मालवणी मसाला! शिंका काय, खोकला काय, काका म्हणाले, "अहो बाई, मारता की काय?" मी म्हटलं, "श्वास कमी घ्या!" सुशांतला फोन लावला. तो वरून ओरडतोय, मी आतून ओरडतेय, आणि लिफ्टवाल्यांकडे तीन वेगवेगळ्या नंबरांवर तक्रार केली तरी कोणाला कोणाचा पत्ता नाही. कित्येक महिन्यांनी पोराचा आवाज चढलेला ऐकला. मला तर शिंकता शिंकता रडू आलं. सगळ्यांना वाटलं मसाला.

दुसऱ्या दिवशी दाढी करून अंधेरीला गेला, त्या लिफ्टवाल्यांच्या ऑफिसात भांडायला. लहानसं ऑफिस, बोटांवर मोजण्याएवढी माणसं. भांडता भांडता म्हणाला, तुमच्या तक्रारी नीट लावायला कॉम्प्युटरवर असं असं करायला हवं. मालकीणबाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मग करतोस का?" संध्याकाळी घरी आला तो नोकरी घेऊन. वैनी, त्या दसऱ्याला बसला होता तसाच, बसून एकेक तांदूळ बाहेर काढतोय.

आता कोणती लिफ्ट कुठे अडकली, कोणता माणूस जवळ आहे, सगळं त्याच्या मशीनवर दिसतं. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत. आमची लिफ्ट मात्र अजून अडकते.

पगार किती, ते तुला सांगणार नाही. लपवत नाहीये. पण तू विचारूच नकोस.

जानकी


दहिसर, ११ ऑगस्ट २०२५

वैनी,

गणपती आले. आम्हा दोघांची तिकिटं काढून ठेवलीत बाबलकडे. सुशांतचं नाही. तो येत नाही म्हणतो. रजेचं कारण सांगतो, ते खोटं आहे, मालकीणबाई स्वतः चिपळूणच्या, त्यांनी मागायच्या आधीच रजा दिली.

काल मी जेवताना त्याला घंटेचं सांगितलं. तू सोमवारी चिंच घेऊन जातेस ते. त्याने घास परत ताटात ठेवला. मग म्हणाला, "आई, काकी घंटा घासते. पण मला तिने काही विचारलेलं नाही अजून. मी बोलावलं नसताना कसा जाऊ?" मी म्हटलं, तुझ्या घरी तुला बोलावणं कशाला हवं? तर म्हणाला, "त्या दिवसापासून हवं."

आता बोलणारी तू आहेस.

आणि दुसरं. भावोजी यंदा गाऱ्हाणं घालू शकणार नाहीत. आमच्या ह्यांना जमत नाही, हे दोन वाक्यांत लाजून गप्प होतात. वाडीतल्या दुसऱ्या कोणाला सांगायचं म्हणजे भावोजींच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या तोंडून. ते मला चालणार नाही, तुलाही चालणार नाही. सुशांतला अख्खं पाठ आहे. भटवाडीत फ्रॉकसारखा लांब बनियन घालून, भावोजींची नक्कल करत, खुर्चीवर उभा राहून घालायचा आणि आपण भांडी घासता घासता 'व्हय म्हाराजा' म्हणायचो. त्यानेच घातलं पाहिजे. पण त्यात काय मागायचं, ते या वेळी मी ठरवलंय. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत, माहीत आहे. लिहायला कोणी मना केलेलं नाही. वाच.

बा देवा म्हाराजा! आज जी काय सगळी लेकरा तुझ्यासमोर उभी असत, तेंची सेवा मान्य करून घे रे म्हाराजा. आमच्या दादाची वाचा गेली हा, ती हळूहळू परत येवंदे. तवसर तेच्या डोळ्यातला आमका समजांदे. आमच्या झिलासाठी तुझ्याकडे जा मागितलेला, ता तू कागदार दिलंस आणि काढून घेतलंस. तुझो काय तो हिशोब तुका माहीत. आमची घंटा मात्र थयच रवांदे. शिकान घरात बसलेली जी काय पोरा असत, दहिसराक, बोरिवलीक, खयय, तेंच्या हाताक काम मिळांदे. आणि कोण पगार इचारूक इलो, तर तेका त्याच येळाक जोराची शिंक येवंदे रे म्हाराजा!

शेवटची ओळ सुशांतला आवडली. हसला. हसताना अजून तुझ्यासारखा डावा गाल आधी वर जातो, तू शिकवल्यासारखा.

आता तू ठरव. फोन कर त्याला. माझ्या फोनवर नको, त्याच्या. काय बोलायचं ते मी सांगणार नाही. पण चौदा लाख हा शब्द तोंडातून काढलास, तर मी तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही, गणपती असो की कोण असो.

जानकी


दहिसर, २० ऑगस्ट २०२५

वैनी,

हे पत्र पोचेल की आम्ही आधी पोचू, काय माहीत. तरी लिहिते. सवय झाली.

काल तुझा फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते आणि तो स्वयंपाकघरातच उभा होता. नाव बघितलं आणि फोन तसाच वाजू दिला. मी लाटणं उगारलं, तेव्हा उचलला. तुझं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. त्याचंच ऐकत होते. "हां." मग "जेवलो." मग नुसतं ऐकत राहिला, एवढा वेळ की तव्यावर पोळी करपली. मला वाटलं, विचारलंस वाटतं तू. विचारलंस बयो, संपलं सगळं.

आणि मग तो ताठ झाला. उभ्या उभ्या, ओट्याला टेकलेला होता तो सरळ झाला, मामंजी बसायचे तसा. आणि म्हणाला, "लिफ्टखात्यात, काकी."

मग त्याचं बोलणं थांबेना. त्या खात्यात दुसरं कोण, मालकीणबाई कुठल्या, त्यांचं माहेर कुठलं. चिपळूणच्या कोणाची तरी भाची निघाली म्हणे ना ती, तुझ्या ओळखीतली? निघणारच होती.

तुला मी पगार विचारू नकोस एवढंच लिहिलं होतं. हे विचार असं लिहिलं नव्हतं.

बाबलकडे तिसरं तिकीट नव्हतं. तो म्हणाला, फुल आहे, वाट लागलीय, ड्रायव्हरच्या बाजूला बसवीन. सुशांत म्हणाला, चालेल. भावोजींना सांगून ठेव, गाऱ्हाणं खळ्यातच होणार, मोठ्याने.

चिंच भिजत घालून ठेव. घंटा या वेळी मी घासणार आहे. तू नुसती बाजूला उभी राहा आणि चुका काढ.

जानकी